न आलेल्या वर्तमानपत्राचे श्रोते

दाजी मास्तर गेल्याचे मला महिन्यापूर्वी मांडवी बंदरावर बाबू तांडेलाने सांगितले. त्याच आठवड्यात शोकसभा झाली आणि एका साप्ताहिकाने 'अलोट गर्दी' असे छापले. मी तिथे होतो. सदतीस माणसे होती, त्यांतली तीन सतरंज्या उचलायला थांबलेली. मास्तर असते तर त्या संपादकाला... जाऊ दे.

मी संगमेश्वराकडच्या एका वाडीतून रत्नागिरीस शिकायला आलो. आमच्या घरात पदवी मिळवणारा मी पहिला, आणि ती मास्तरांमुळे मिळाली. हे आधीच लिहून ठेवतो, कारण पुढच्या हकिगतीत माझी शोभा नाही. मी मॅट्रिकच्या वर्गात असताना एका वाचनालयाच्या चिटणिसांनी मांडवीच्या मच्छीमार वस्तीतली शाखा बंद करायचे काढले. पुरावा काय, तर हजेरीच्या पुस्तकात रोज पाच-सहाच सह्या. "खारव्यांना वर्तमानपत्र कशाला? मासळी बांधायला?" असे ते भर सभेत म्हणाले आणि सभ्य मंडळी पोट धरून हसली. शाखेच्या पडवीत बाबू तांडेल रोज दुपारी वर्तमानपत्र मोठ्याने वाची आणि जाळी सांधता सांधता बाकीचे ऐकत. पण ते पाहायला त्या विद्वानांपैकी एकही मांडवीपर्यंत चालत गेला नव्हता.

मास्तरांनी खानेसुमारीत घरोघर माणसे मोजलेली. ते म्हणाले, "मी मोजून दाखवतो," आणि मोजायला मला बसवले. पहिल्या दिवशी मी ऐटीत साठ आकडा आणला. मास्तरांनी वहीकडे पाहिलेही नाही. "बसलेले मोजलेस की ऐकलेले? सावलीला कुत्रीही बसतात. वाचन संपल्यावर प्रत्येकाला विचार, आज काय ऐकलंस. एक बातमी सांगितली तर एक रेघ." तसे विचारू लागलो तेव्हा बाबू ओरडला, "काय रे, सरकार आता कानांवर पन कर बसवनार काय?" पडवी हसली. पण आकडा चाळिसाच्या आसपास येऊ लागला, आणि तो खरा होता.

मग शिमगा आला. मी पालखीसाठी गावी पळालो, चार दिवसांनी परतलो आणि गाळलेल्या दिवसांपुढे घरी बसून आकडे भरले. एकोणचाळीस, बेचाळीस... अगदी शोभतील असे. मास्तरांनी वही वाचली आणि चष्मा काढला. "यांतले दोन दिवस मुंबईची बोटच लागली नाही. वर्तमानपत्र आलंच नव्हतं. न आलेलं वर्तमानपत्र बेचाळीस जणांनी ऐकलं! वा, रावसाहेब, तुम्ही चिटणीस व्हा."

मी रडकुंडीला आलो. "मास्तर, तेवढे दिवस गाळून टाका ना. बाकीचे खरे आहेत. नाहीतर शाखा जाईल."

"गाळीन. पण का गाळले तेही लिहीन."

त्यांनी तसेच लिहिले. चिटणिसांनी सभेत नेमकी तीच ओळ वाचली, दोनदा. पुन्हा हशा. शाखेला कुलूप लागले. त्या माणसांविषयी मला आजही तिटकारा आहे. एवढे खरे आकडे समोर असताना त्यांना चार खोटे तेवढे दिसले. पण ते चार त्यांच्या हातात मी दिले होते, आणि स्वतःविषयीचा तिटकारा त्याहून जुना झाला आहे. मास्तर मला त्यावरून पुन्हा कधी बोलले नाहीत. पुढे माझ्या कॉलेजसाठी त्यांनीच चार दारे ठोठावली.

शाखा गेल्यावर मास्तर स्वतःचे वर्तमानपत्र घेऊन दुपारी मांडवीला जाऊ लागले. कुलपासमोरच्या पायरीवर बसून वाचत. मला ते कोणीतरी पुष्कळ वर्षांनी सांगितले, तेव्हा मी इथल्याच शाळेत शिकवू लागलो होतो. तरी लाजेने तिकडे फिरकलो नाही... मास्तर चार दिवस रस्त्यात दिसले नाहीत म्हणून अखेर गेलो, तेव्हा पायरी रिकामी होती आणि बाबूने ती बातमी दिली. वर म्हणाला, "आता कोन वाचील? माज्या डोल्यांना दिसत नाय."

शाळा सुटल्यावर आता मी जातो. माझे वाचणे रटाळ आहे. बाबू तोंडावर सांगतो, "मास्तरांचा आवाज खनखनीत होता हो, तुमचा भिजलेला." काल पायरीभोवती अकरा जण बसले होते. वाचन संपल्यावर एकेकाला विचारले. बातमी चौघांनाच सांगता आली.

वहीत चार रेघा ओढल्या.