ताईची हजारावी पौर्णिमा

शरीर म्हातारं होतं, जिज्ञासा कधीच म्हातारी होत नाही. हे वाक्य माझ्या निरोपसमारंभात आमच्या साहेबांनी माझ्याबद्दल उच्चारलं. त्या दिवशी कारखान्यातून माझ्यासोबत इतके लोक निवृत्त होत होते की साहेबांना वाक्यं पुरेनात. त्यामुळे हेच वाक्य त्यांनी माझ्याआधी एका क्रेनचालकाला आणि माझ्यानंतर कँटीनच्या आचाऱ्यालाही लावलं. त्याची किंमत मला तिथेच कळायला हवी होती. पण मी ते शाल-श्रीफळाबरोबर घरी आणलं. शाल कसरीनं खाल्ली, वाक्य टिकलं.

मी कारखान्याच्या कॉम्प्युटर विभागात होतो. कार्डांना भोकं पाडण्याच्या काळात लागलो आणि टेबलावर मावणाऱ्या यंत्रांच्या काळात सुटलो. पगार, हजेरी, रजा, निवृत्ती, सगळं आमच्या खोलीतून जायचं. आता कुणाचाच पगार माझ्यावर अवलंबून नाही, पण प्रोग्रॅम लिहिण्याची खोड गेली नाही. साठी उलटल्यावर पायथन शिकलो. दृष्टी कमी झाली तशी पडद्यावरची अक्षरं वाढवत गेलो. आज माझी चूक समोरच्या गच्चीवर कपडे वाळत घालणाऱ्यांनाही वाचता येईल.

"लोक रिटायर झाल्यावर ग्वारीघाटावर जाऊन बसतात," बायको आल्यागेल्याला सांगते. "आमचे हे आतल्या खोलीत जाऊन बसतात. नर्मदेवर निदान हवा तरी असते."

माझी थोरली बहीण याच शहरात, घमापुरात राहते. माझ्याहून बारा वर्षांनी मोठी, टपालखात्यातून निवृत्त, यजमान जाऊन बरीच वर्षं झाली. तिला एकच मुलगी. ती अकोल्याला शाळेत शिकवते आणि सुटी लागल्याशिवाय हलू शकत नाही. ताईला ऐंशी पूर्ण झाली तेव्हा सहस्रचंद्रदर्शनाचा विषय निघाला. माणसानं हजार पौर्णिमा पाहिल्या की हा सोहळा करतात, चांदीच्या चंद्राची पूजा होते, दिव्यांनी ओवाळतात. आमच्याकडे आधी कुणाचा झालाच नव्हता, कारण आधी कुणी तितकं टिकलंच नव्हतं.

ताई म्हणाली, "मला साडी नको, हॉल नको. पोरीच्या हातानं ओवाळून घ्यायचं, एवढंच. बाकी तुम्ही पाहा रे बाबा."

गुरुजींनी सांगितलं, एक्याऐंशीव्या वर्षात कधीही चालतं, सोयीनं करा. भाचीनं फोनवर सांगितलं, जूनमध्ये सुटीत येते, तेव्हा करू. सगळ्यांचं पटलं होतं. प्रश्न सुटला होता. इथे मी मध्ये पडलो.

'कधीही चालतं' हे शब्द माझ्या डोक्यात जाऊन बसले. हजार म्हणजे हजार. पौर्णिमा ही मोजता येणारी वस्तू आहे, मग ती अंदाजानं का मोजायची? मी त्याच संध्याकाळी लॅपटॉप घेऊन ताईकडे गेलो, तिच्या जेवणाच्या टेबलावर उघडला आणि विचारलं, "ताई, जन्मतारीख?"

ती वाटाणे सोलत होती. तिनं लॅपटॉपकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "एक जुलै." वर्षही सांगितलं.

मी टाईप केलं. प्रोग्रॅम लिहायला पुढचे कित्येक दिवस लागले, कारण चंद्र सरळ चालत नाही, आणि मला तो जसा चालतो तसाच हवा होता. शेवटी उत्तर आलं. ताईची हजारावी पौर्णिमा एप्रिलमध्ये पडत होती, हनुमान जयंतीला. मला इतका आनंद झाला की मी स्वयंपाकघरात जाऊन बायकोला ते दोनदा सांगितलं. ती म्हणाली, "मग जूनचं काय?"

जूनचं काय, हे भाचीनंही विचारलं. "मामा, एप्रिलमध्ये आमच्या परीक्षा असतात. पेपर कोण तपासणार? तुमचा चंद्र सुटी लागेपर्यंत थांबत नाही का?"

"चंद्र कुणाच्या सुटीवर चालत नाही," मी म्हणालो.

हे मी खरोखर म्हणालो. आयुष्यभर ज्या साहेबलोकांच्या भाषणांवर मी मागच्या रांगेतून हसत आलो, त्यांच्यापैकी कुणाला हे वाक्य सुचलं असतं तर मी ते घरी येऊन नक्कल करून दाखवलं असतं. भाची "अच्छा" म्हणाली आणि फोन ठेवला. गुरुजींनाही मी अधिक मास समजावून सांगितला. ते तीस वर्षं पंचांग बघताहेत. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "चलो, जैसी आपकी इच्छा."

ताईला विचारलं, तर ती म्हणाली, "तू इतकी मेहनत घेऊन राहिलास, तर तुझंच ठेव."

यातलं मेहनतीचं पहिलं अर्धंच मी ऐकलं.

सोहळा इथल्या मराठी मंडळाच्या हॉलमध्ये झाला. प्रोजेक्टर मी लावला होता. पडद्यावर चंद्र कलेकलेनं वाढायचा, पूर्ण व्हायचा, आणि खाली आकडा एकानं पुढे सरकायचा. हजारावर आकडा थांबला तेव्हा टाळ्या पडल्या. मंडळाच्या चिटणिसांनी माइक घेऊन माझ्याबद्दल एक वाक्य म्हटलं. शरीर म्हातारं होतं, असं ते सुरू झालं. पुढचं मला पाठ होतं.

ओवाळायची वेळ आली. दिव्यांचं ताट माझ्या बायकोनं घेतलं, कारण घेणाऱ्या हातांत तोच सगळ्यात जवळचा हात होता. ताई पाटावर ताठ बसली होती, नवी साडी, कपाळावर अक्षता. ताट फिरत असताना ती बायकोकडे पाहत नव्हती. ती हॉलच्या दाराकडे पाहत होती. दार उघडं होतं आणि त्यातून केटररची माणसं पाण्याचे जार आत आणत होती. मी हे पाहिलं. पाहून पुन्हा लॅपटॉपकडे वळलो, कारण प्रोजेक्टरची वायर हलत होती आणि चंद्र निळा पडत होता.

भाचीला मी व्हिडिओ पाठवला. तिनं हात जोडलेलं चित्र पाठवलं.

दोन-तीन आठवड्यांनी मी पुन्हा ताईकडे गेलो, लॅपटॉप घेऊनच. मधल्या काळात मी प्रोग्रॅममध्ये तिथी काढायची सोय केली होती. जन्मतारीख दिली की त्या दिवशीची तिथी कळते. उपयोग शून्य, पण लिहायला मजा आली होती. ताई खिडकीपाशी बसली होती. खालच्या बाजारातला गोंगाट वर येत होता, म्हणून मी जरा मोठ्यानंच सांगितलं.

"ताई, तुला माहीत आहे का, तू आषाढी एकादशीला जन्मली आहेस!"

"एकादशीला?" ती म्हणाली. "काहून? मी तर तान्ह्या पोळ्याची."

तान्हा पोळा म्हणजे पोळ्याचा दुसरा दिवस. आमचे वडील विदर्भातून इथल्या कारखान्यात आले तेव्हा जी थोडी चीजवस्तू सोबत आणली, त्यात हाही सण होता. मुलं लाकडाचे नंदी सजवून दारोदार नेतात, लोक नंदीला ओवाळतात आणि मुलाच्या हातावर काहीतरी ठेवतात. तो एक जुलैला येत नाही. तो पुढे श्रावण संपल्यावर येतो.

"मग तू एक जुलै का सांगितलीस?"

"तू कॉम्प्युटर उघडून बसला होतास ना. मला वाटलं, कागदावरची पाहिजे." आणि मग, मला समजलं नसेल म्हणून, हळू आवाजात, "शाळेत टाकताना हेडमास्तरांनी लिहिली रे. बाबांना सांगता येईना. तेव्हा साऱ्यांचीच एक जुलै."

साऱ्यांचीच एक जुलै. हे मला ती सांगत होती. अर्धा कारखाना एक जुलैला जन्मलेला होता, हे या शहरात माझ्याइतकं कुणाला ठाऊक असेल? दरवर्षी तीस जूनला आमच्या खमरियाच्या कारखान्याच्या फाटकाशी झेंडूचे हार मिळेनासे व्हायचे, कारण एक जुलैवाले सगळे त्याच दिवशी निवृत्त व्हायचे. त्या सगळ्यांची तारीख मशीनमध्ये भरणारा मी. माझ्या निरोपाला साहेबांना वाक्यं पुरली नाहीत, तीही त्याचमुळे. मी स्वतः कागदावर एक जुलैचा आहे आणि घरी मार्गशीर्षातला. आमच्या पिढीत ज्याला जन्मतारीख विचारायची त्याला आधी 'कुठली?' हेही विचारावं लागतं, आणि ते मी विचारलं नाही. चंद्राची चाल मी पुन्हा पुन्हा तपासली. तारीख एकदाही तपासली नाही, कारण ती टाईप केलेली होती.

आणि याहून वाईट एक आठवण होती, ती तिथेच बसल्या बसल्या वर आली. माझा नंदी कारखान्याच्या पेटीच्या फळीचा होता. फळी बाहेर कशी आली हे बाबांना कुणी विचारत नसे. तान्ह्या पोळ्याला सकाळी आई क्वार्टरच्या ओसरीवर पाट मांडायची, नंदीला ओवाळायची आणि मग त्याच ताटानं शेजारी बसलेल्या ताईला. दरवर्षी. मला वाटायचं, नंदीसाठी लावलेली निरांजनं वाया जाऊ नयेत म्हणून ताईलाही ओवाळून घेतात. मोठं झाल्यावरही मला कधी दुसरं काही वाटलं नव्हतं. तो तिचा वाढदिवस होता, आणि माझ्या हिशेबात तो बैलाचा होता.

"तेव्हाच का नाही बोललीस? सोहळ्याच्या आधी?"

"तू पडदा-बिडदा लावून राहिला होतास," ताई म्हणाली. "सगळ्यांना दाखवत होतास. म्हटलं, होऊ दे."

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. असती तर मला काहीतरी उत्तर देता आलं असतं. ती उठून चहा टाकायला गेली, आणि ती आत असताना मी काय केलं ते सांगायला हवं. मी तान्ह्या पोळ्याची तारीख काढली आणि प्रोग्रॅम पुन्हा चालवला. ती चहा घेऊन आली तेव्हा मी पडदा घाईनं मिटला, लहानपणी पुस्तकाच्या आत दुसरं पुस्तक मिटायचो तसा.

"कधी निघाली?" तिनं विचारलं.

"वटपौर्णिमा."

"जूनमध्ये?"

"जूनमध्ये."

ताईनं चहा बशीत ओतला. "पोरगी जूनमध्येच येतो म्हणत होती," ती म्हणाली. एवढंच.

घरी येऊन मी बायकोला सगळं सांगितलं. ती हसेल असं वाटलं होतं. ती हसली नाही. म्हणाली, "आता भाचीला फोन तुम्ही करा. मी नाही करणार." मी केला. मी सरळ माफी मागणार होतो, पण आधी हेडमास्तरांपासून सुरुवात केली, मग चंद्रावर गेलो, आणि माफीपर्यंत पोहोचेतो तिची पेपर तपासायला बसायची वेळ झाली. "मामा, तुम्ही आत्ता फक्त तारीख सांगा," ती म्हणाली.

ती आली. वटपौर्णिमेच्या संध्याकाळी घमापूरच्या त्या दोन खोल्यांत हॉल नव्हता, गुरुजी नव्हते, माइक नव्हता. भाचीनं पाट मांडला, एका ताटात मावतील तेवढी निरांजनं लावली. मी जिन्याच्या बाजूला, पंख्याच्या वाऱ्यानं दिवे विझू नयेत म्हणून बटणाशी उभा होतो. एवढंच काम मला दिलं होतं.

ताट उचलण्याआधी भाची माझ्याकडे वळली. "मामा, आज नक्की ना? का अजून एखादी तारीख निघायची आहे?"

सगळे हसले, ताईसुद्धा. मीही हसलो. हसण्याशिवाय त्या खोलीत मला दुसरं काही करण्यासारखं नव्हतं.

मग तिनं ओवाळलं. ताई या वेळी दाराकडे पाहत नव्हती. समोर पाहत होती, आणि भाचीनं अक्षता टाकल्या तेव्हा तिनं मुलीचं मनगट धरलं आणि जरा वेळ सोडलंच नाही. ताटातलं एक निरांजन कलंडून तेलाची धार पाटावर आली. ती कुणी पुसली नाही.

निघताना बायकोनं विचारलं, आज लॅपटॉप कसा नाही आणला? मी म्हणालो, काही गोष्टी यंत्राबाहेरच्या असतात, हे मला या वयात समजलं. तिनं माझ्या खिशाकडे पाहिलं.

प्रोग्रॅम आता फोनवरही चालतो.