कमळताईंनी ओळखलेला थकवा

मेघाली भोईर चढाईला निघाली की समोरच्या पोरी आपसूक दोन पावलं मागे सरायच्या, असा तिचा पंचक्रोशीत लौकिक होता. पण काल्हेरच्या एका गोडाऊनात ती नोकरीला लागली आणि दोन महिन्यांत तिची कबड्डी उतरणीला लागली. धाप लागत नव्हती, पाय दुखत नव्हते. पण समोरची साखळी आवळतेय हे तिला आवळल्यावरच कळायचं. कालच्या पोरीही तिला सहज पकडू लागल्या.

"बाय, तुजा जीव न्हाय ऱ्हायला खेळात," आई म्हणाली. मेघालीलाही ते पटलं. तिने पहाटेचं धावणं दुप्पट केलं. खेळ आणखीच बिघडला.

गावच्या मैदानावर तिला शिकवणाऱ्या कमळताई मात्र ओरडल्या नाहीत. "तुझं काम बघायचंय मला," म्हणाल्या आणि खरंच एका दुपारी गोडाऊनात येऊन स्टुलावर बसल्या. सरकत्या पट्ट्यावरून येणारं एकेक पार्सल उचलायचं, पत्ता वाचायचा, स्कॅन करायचं, पिनकोडप्रमाणे गोणीत टाकायचं, असं आठ तास. जरा चुकलं की मशीन केकाटायचं. तासाभराने कमळताईंनीच डोळे मिटून घेतले.

"नुसतं बघून माझं डोकं उठलं," बाहेरच्या टपरीवर चहा घेताना त्या म्हणाल्या. "तू आळशी न्हाय गं. तुझं डोकं दमलंय. दमलेलं अंग कळतं तरी, दुखतं. डोकं दमलं की दुखत न्हाय, नुसता उशीर होतो. मी नर्सिंगच्या परीक्षेच्या दिवसांत अशीच खेळत राहिले. एक पकड उशिरा दिसली आणि गुडघा कायमचा गेला."

दोन महिने मेघाली स्वतःलाच शिव्या देत होती.

बाजूला भावना बसली होती. ती त्याच शिफ्टला टेम्पोत खोकी चढवायची आणि कंबरेने बेजार होती. ती पटकन म्हणाली, "मला दे तुझं मशीन. तू घे माझी खोकी. मला कुठं संध्याकाळी खेळायचंय? घरी जाऊन सिरियल बघायची, तिला कसलं डोकं लागतंय!"

तिथेच चहा घेत उभा असलेला सुपरवायझर दौलत हसला. "खोकी उचलून ही मैदानात उभी तरी राहील का?"

"आठवडाभर बघा तर," कमळताई म्हणाल्या. आणि मेघालीला बजावलं, "पहाटेचं धावणं बंद. झोप काढायची."

पहिले चार दिवस तिचे खांदे भरून आले. पाचव्या संध्याकाळी सरावात डाव्या कोपऱ्यातल्या पोरीची टाच उचललेली तिला दिसली. वेळेवर दिसली. ती वळली, हात लावला आणि मधली रेषा ओलांडून परत आली. तिथेच मातीत बसून ती मोठ्याने हसली.

पुढच्या महिन्यात जिल्हा निवड चाचणी झाली. दौलतने स्वतःहून शिफ्ट बदलून दिली. भावना जन्मात पहिल्यांदा कबड्डी बघायला आली आणि नियम न कळताही घसा बसेपर्यंत ओरडली. निवडलेल्या पोरींच्या यादीत मेघालीचं नाव सातवं होतं.

ती कमळताईंच्या पाया पडायला वाकली. त्यांनी तिला मध्येच धरलं. "ताई, तुम्ही ओरडला असता ना, तर मी खेळ सोडला असता," ती म्हणाली. मग गर्दीत घुसून तिने भावनाला अशी मिठी मारली, की ती कळवळली, "अगं, कंबर!"