निळ्या अक्षरातली ओळ

खरं सांगते, मी जळत होते. वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, भरल्या स्टाफरूममध्ये बसून, काल आलेल्या एका पोरीवर.

सुरतेजवळ उधन्यातल्या आमच्या मराठी शाळेचा इतिहास लिहायचा होता. चांगलं जाडजूड पुस्तक. चौघीजणी लिहिणार आणि जुळवणार मी. शाळेचं काहीही छापायचं असलं की रीत ठरलेली: पानं माझ्या टेबलावर यायची, मी लाल पेनाने तपासायची आणि मगच ती टायपिंगला जायची. पुढे पेन ड्राइव्ह आले, तर तेही माझ्याच पर्समध्ये. 'अंतिम', 'नवीन अंतिम', 'आता खरंच अंतिम' अशा ढीगभर फायली व्हायच्या. होईनात का! खरी कुठली ते मला ठाऊक होतं ना?

मग मीटिंगमध्ये चलथाणहून येणारी ती नवी शिक्षिका बोलली. "बाई, एकच फाइल ऑनलाइन ठेवू या. सगळ्याजणी आपापल्या फोनवरून तिच्यातच लिहितील."

"आणि कुणी भलतंच पुसलं म्हणजे?" मी फटकारलं.

"पुसलेलं परत आणता येतं, बाई." ती गोड हसली. कसं आणतात ते ती सांगत होती, पण मी कशाला ऐकतेय? मोठ्या बाईंनी तिथल्या तिथे "चालो, सारुं" म्हणून गुजरातीत होकार देऊन टाकला. झालं!

फाइल गेल्याचं दुःख मी गिळलंही असतं. पण माझी मैत्रीण? पर्वत पाटियाहून आम्ही दोघी बावीस वर्षं एकाच रिक्षाने येतो. तिने काहीही लिहिलं की पहिल्यांदा मीच वाचायचं. "तू बघ गं, मग मला धीर येतो," म्हणायची. तिचे वडील खानदेशातून इथे कापडाच्या लूमवर कामाला आलेले आणि ती याच शाळेत शिकलेली, म्हणून पुस्तकातलं पहिलं प्रकरण तिचं. आता रिक्षात तिची मान फोनमध्ये. "अगं, तिने बघ किती छान सुचवलंय!" तिने, तिचं, तिला. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

एका ऑफ तासाला मी ती फाइल उघडली. मैत्रिणीच्या प्रकरणात, तिच्या वडिलांवरच्या परिच्छेदाखाली, निळ्या अक्षरात काहीतरी लिहिलेलं होतं. खाली त्या पोरीचं नाव. नाव दिसलं आणि माझं डोकंच फिरलं. त्या माणसाच्या हातचा चहा मी प्यायलेय, हिला काय कळतंय त्यांच्याबद्दल? वाचलंसुद्धा नाही. निळं सगळं पुसून टाकलं. कागद फाडला की विषय संपला, एवढंच मला माहीत.

दुसऱ्या दिवशी मैत्रिणीने रिक्षात फोन काढलाच नाही. स्टाफरूममध्ये आल्यावर तिने फोन माझ्यासमोर धरला. पुसलेली ओळ तिथे जशीच्या तशी, वरून आडवी रेघ मारलेली. शेजारी माझं नाव आणि वेळ.

"हे तू पुसलंस?"

"चुकून झालं असेल गं. नेट..."

"वाच आधी."

वाचलं. 'काकांच्या या भागाला मी हात लावत नाही. बाईंनी त्यांना पाहिलंय. हा भाग बाईंनाच बघायला सांगू, त्या म्हणतील तसंच ठेवू.'

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मैत्रीण चिडली असती, चार शब्द बोलली असती तर बरं वाटलं असतं. "परत आण ते," एवढंच म्हणाली आणि तासाला निघून गेली.

मी माझ्या फोनवर हे दाबलं, ते दाबलं. काही केल्या येईना. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. खिडकीपाशी तेवढी ती पोर वह्या तपासत बसली होती.

बावीस वर्षांत मी कुणाच्या टेबलापाशी गेले नव्हते, सगळे माझ्याकडे यायचे. तिच्यापर्यंतची आठ-दहा पावलं काही संपेनात. ती चटकन उभी राहिली. "काय झालं, बाई?"

"एक पुसलेली ओळ परत आणायचीय," मी म्हटलं. "तुझीच आहे."