आधी जिलेबीचं पोट

कुंदाबाईंनी तोंड मिटलं ते मिटलंच. पारोळ्याकडचं शेत वाट्याने देऊन मुलाने, नवीनने, त्यांना जळगावला आणलं होतं. आधी माणसांची नावं गेली, मग रस्ते, आणि आता जेवण. चमचा पुढे केला की मान फिरवायच्या. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर नाकातून नळी घालावी लागेल. ते ऐकल्यापासून सून कामिनीच्या काळजाचं पाणी झालं होतं. बाई रीतीची भलतीच पक्की: सासूच्या घशाखाली घास उतरल्याशिवाय स्वतः ताटावर बसायची नाही. म्हणजे घरात उपाशी दोघी.

शेवटी कामिनीने सासूला घेऊन विसरभोळ्या म्हाताऱ्यांना दिवसभर सांभाळणारं केंद्र गाठलं. तिथे सुलक्षणा नावाची मुलगी आपली शिकवलेली कुत्री, जिलेबी, भेटीला आणायची. कामिनी धास्तावलेलीच. कुत्रं घरात शिरलं की सासूबाई लाटणं घेऊन धावायच्या.

जिलेबीने कुंदाबाईंच्या गुडघ्यावर हनुवटी टेकवली. त्यांचा हात आपसूक तिच्या कानामागे गेला. कामिनीने लगेच खिचडीचा चमचा पुढे केला.

"हाई उपाशी शे. पहिले हिले दे," कुंदाबाई म्हणाल्या.

बरोबरच होतं त्यांचं. शेतकऱ्याच्या घरात मुक्या जनावराच्या आधी कोण जेवतं? पण सुलक्षणा अडून बसली. जिलेबीला इथे कुणी खायला द्यायचं नाही, असा नियम.

"ताई, नळी घालतील हो त्यांना!" कामिनी रडकुंडीला आली.

सुलक्षणाने पिशवीतलं जिलेबीचंच खाणं कुंदाबाईंच्या तळहातावर ठेवलं. जिलेबीने ते फस्त केलं आणि कुंदाबाईंनी आ केला. अर्धी वाटी खिचडी गेली.

दुसऱ्या दिवशी घरी पुन्हा मान फिरली. जिलेबी आता थेट पुढच्या आठवड्यात येणार! गल्लीतलं एखादं कुत्रं धरून आणावं का, इथवर कामिनीचे विचार गेले. तेवढ्यात उपाशीपोटी डोळ्यांपुढे अंधारी आली आणि ती मटकन खाली बसली.

कुंदाबाई तिच्याकडे बघत राहिल्या. ही कोण, हे त्यांना केव्हाच आठवेनासं झालं होतं. त्यांनी ताटातला घास उचलून तिच्या तोंडाशी नेला.

"तू जेवनी नही का व, माय?"

म्हणजे सासूबाई आपल्यासाठी थांबल्या होत्या, आणि आपण त्यांच्यासाठी, हे कामिनीला उमगलं. सासूच्या आधी ती आजवर कधी जेवली नव्हती. रडत रडत तिने घास घेतला, चावला, गिळला. तरी कुंदाबाई बघतच होत्या. कामिनीने आ करून रिकामं तोंड दाखवलं, तेव्हा कुठे त्यांनी दुसरा घास स्वतःच्या तोंडात घातला.