रिकाम्या जीपची परवानगी

माझ्या भावाच्या हातचं शेवटचं लिखाण म्हणजे परिवहन कार्यालयाला दिलेला एक अर्ज. आजारपणात, मांडीवर उशी घेऊन त्यानं तो लिहिला. माझी जीप आजपासून रस्त्यावर नाही, पुन्हा चालू करायची झाल्यास आधी कळवीन, एवढाच मजकूर. खाली गाडीचा नंबर, मीटरवरचा किलोमीटरचा आकडा आणि सही. असा अर्ज वेळेत दिला की गाडी उभी असेल तेवढ्या काळाचा कर लागत नसे. अर्ज मीच पोस्टात टाकला. दोन महिन्यांनी भाऊ गेला.

ऐंशी सालानंतरची ती वर्षं. आमचं गाव एकोडी ते साकोली अशी त्याची सवारी जीप चालायची. ती आता गोठ्याशेजारच्या छपरीत, धानाच्या तणसाच्या ढिगाआड उभी होती. वर्ष होत आलं तेव्हा वहिनीनं ठरवलं, गाडी विकायची नाही, ड्रायव्हर ठेवून चालवायची. गाडी तिच्या नावावर झाली. पण परमिट महिनाअखेर संपत होतं, आणि गाडीचं पासिंग, म्हणजे सरकारी तपासणी, झाल्याशिवाय ते पुढे मिळणार नव्हतं. पासिंगवाले साहेब महिन्यातून एकदाच साकोलीला कॅम्पला येत. तो दिवस चुकला तर परमिट जाणार होतं, आणि त्याबरोबर वहिनीचं आणि तिच्या दोन मुलींचं घरही बसणार होतं.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत होते. घरात कागद कळणारी आता मी एकटीच उरले होते, म्हणून रजा टाकून कार्यालयात गेले. तिथले बाबू सज्जन होते, पण त्यांनी सांगितलं ते एक कोडंच होतं. पासिंग नसलेल्या गाडीचा कर भरून घेता येत नाही. पासिंगला गाडी स्वतः हजर लागते. आणि कर न भरलेली गाडी रस्त्यावर आणता येत नाही.

"मग ती साकोलीला पोचायची कशी?" मी विचारलं.

"लोक आणतात कशीतरी," ते म्हणाले.

मी त्यांच्याकडे नियमांचं पुस्तक मागितलं. त्यांनी आधी माझ्याकडे, मग पुस्तकाकडे पाहिलं आणि कपाटावरची धूळ झटकून ते दिलं. दुपारभर मी बाकावर बसून वाचत होते. तपासणीपुरती, आधी लेखी परवानगी घेऊन, अशी गाडी नेता येते, हे मला तिथे सापडलं. आठ दिवसांनी पुन्हा रजा टाकली आणि परवानगीचं पत्र घेऊन आले. त्यात कॅम्पची तारीख होती, एकोडीहून साकोलीला जाण्यायेण्याचा रस्ता होता, आणि एक अट होती. गाडी रिकामी असावी, चालक आणि मालकाच्या वतीनं एक माणूस एवढेच तिच्यात असावेत.

गावातले एक म्हातारे, जन्मभर ट्रक चालवलेले, आमची जीप चालवायला तयार झाले होते. त्यांना मी पत्र वाचून दाखवलं.

"मास्तरीनबाई, एवढ्याशा रस्त्यासाठी एवढा कागद? कोन पायते?"

"कोणी पाहो न पाहो, काका."

"नाईतं बैलजोडी लावून वढत नेऊ. बैलाले कोन टॅक्स मांगते?"

मी हसले, पण ऐकलं नाही. गाडी पकडली गेली असती तर भावाचा अर्ज खोटा ठरला असता. वर्षभराचा कर अंगावर आला असता, हे वेगळंच. त्यानं लिहून दिलं होतं की गाडी रस्त्यावर नाही. त्याचं म्हणून आता एवढं एकच वाक्य शिल्लक होतं, आणि ते मला खरं ठेवायचं होतं.

कॅम्पच्या दिवशी सकाळी आम्ही जीप बाहेर काढली. मागच्या सीटमध्ये उंदरांनी केलेलं घर आदल्या दिवशीच साफ केलं होतं. वहिनीनं बुद्धाच्या फोटोपुढे मेणबत्ती लावली, आम्ही हात जोडले. काकांनी खिशातून लिंबू काढलं.

"तुमच्यात चालत नाई, माईत हाय मले. पन चाकाखाली ठेवू द्या. ब्रेकचा भरवसा नाई."

"ठेवा," वहिनी म्हणाली, "पण ब्रेकही पाहून घ्या."

मी पत्र घेऊन पुढे आले, तर मधल्या सीटवर आई बसलेली. धुतलेलं लुगडं, मांडीवर भाकरीचं गाठोडं. भाऊ गेल्यापासून तिनं घराची पायरी उतरली नव्हती.

"माय, उतर," मी म्हणाले.

"काहून?"

"कागदात दोघंच लिहिले हायेत. तुले बसता नाई येत."

"माह्या पोराची गाडी हाय. मले कोन उतरवते?"

"म्या उतरवून राहिली."

काका दुसरीकडे पाहू लागले. वहिनी म्हणाली, "बसू द्या ना, ताई." मला वाटलं, बसू द्यावं. एक म्हातारी बाई, कोणाला काय कळणार आहे? पण मी दार धरून तशीच उभी राहिले. आई बराच वेळ माझ्याकडे पाहत होती. मग गाठोडं उचलून ती उतरली आणि एस.टी.च्या थांब्याकडे चालू लागली. काका गाडी सुरू करेपर्यंत ती वळणाआड गेली होती.

धानाची कापणी चालू होती. जीप ओळखून बांधाबांधावरून हात वर होत होते. एका गावाच्या पाटीजवळ काकांना वेग कमी करावा लागला, तर एकानं सरळ पोतंच बॉनेटवर ठेवलं.

"चालू झाली का गाडी? बरं झालं! साकोलीले सोडा."

"आज नाही नेता येत, दादा. तपासणीला चालली आहे, रिकामीच न्यावी लागते."

"पुरी खाली गाडी जाऊन राहिली, अन् मानूस नाई चढू देत?" त्यानं पोतं उतरवलं. "तुमचा भाऊ असता तं असा नसता गेला."

हे खरं होतं. भावानं रस्त्यावर कुणाला सोडलं नसतं. मग काका म्हणाले, "मनाले लावून नोका घेऊ," आणि त्याच वेळी एस.टी. आम्हाला ओलांडून गेली. खिडकीशी आई होती. तिनं खाली पाहिलं नाही.

रेस्ट हाऊसच्या मैदानात गाड्यांची रांग होती. आमचा नंबर दुपारी आला. साहेबांनी दिवे, हॉर्न, टायर पाहिले. परवानगीचं पत्र वाचलं, मग फायलीतला भावाचा अर्ज काढला आणि आत वाकून मीटर पाहिलं. अर्जातला आकडा आणि मीटरवरचा आकडा यांत एकोडी ते साकोली एवढाच फरक होता. त्यांनी तो दोनदा ताडून पाहिला.

"वर्षभरात कुठंच नेली नाही?"

"नाही."

त्यांनी अर्ज जपून फायलीत परत ठेवला. मग काकांना गाडी चालवून ब्रेक लावायला सांगितलं. ब्रेक लागला, पण जीप डावीकडे ओढली गेली.

"असं चालणार नाही. मी चारला निघतो. तोवर नीट करून दाखवा, नाहीतर पुढच्या महिन्यात या."

पुढचा महिना आमच्याकडे नव्हता. काकांनी सदरा काढला आणि ते जमिनीवर पाठ टेकून गाडीखाली गेले. मी पाने-पकड त्यांच्या हातात देत राहिले. मैदानाच्या कडेला झाडाखाली आई बसली होती. साहेब जेवून परत येताना तिच्याजवळ थांबले.

"कोण तुम्ही, आजी?"

"गाडीवाल्याची माय."

"मग गाडीत नाही आलात?"

"मास्तरीन बसू देत नाई," ती मोठ्यानं म्हणाली, मला ऐकू जाईल असं.

साहेबांनी माझे काळे झालेले हात पाहिले. पावणेचारला काकांनी पुन्हा ब्रेक लावला, आणि जीप सरळ रेषेत थांबली. साहेबांनी पुन्हा एकदा लावायला सांगितला. मग बॉनेटवर कागद ठेवून सही केली.

काका धावतच आईकडे गेले. "चाल माय, पास झाली! आता तं बस."

आईनं मला विचारलं, "टॅक्स भरला?"

"उद्या भरणार."

"मंग उद्या बसीन." ती उठली. गाठोड्यातली अर्धी भाकर तिनं काकांच्या हातात दिली आणि अर्धी माझ्या. "खा. सकाळपासून उपाशी हायेस."

एस.टी. आली. आईला चढायला कंडक्टरनं हात दिला. पायरीवर उभी राहून ती त्याला सांगू लागली, "आमची जीप पास झाली. आजच्या दिवस तुह्या गाडीत. उद्यापासून नाई."

"म्हणजे माझी सवारी गेली म्हणा," तो म्हणाला.

"गेलीच समज," आई म्हणाली, आणि वर्षानंतर मी तिला हसताना पाहिलं. बस सुटेपर्यंत आम्ही थांबलो. मग भाकर संपवून, हात पुसून, पत्रात लिहिलेल्या रस्त्यानं रिकामी जीप घरी घेऊन निघालो.