दुर्बीण आणि हाळी

शस्त्रक्रियेनंतर आबांनी नातीच्या कुशीवरच्या पट्ट्या पाहिल्या. बोटाच्या पेराएवढ्या पट्ट्या अन् एक नळी.

"एवढ्यानं काय व्हतंय? आतलं काढलं का न्हाई?"

माझ्या भाचीला न्यूमोनिया झाला होता. फुप्फुसाभोवती पू साचून त्याची जाड साय धरली होती. पूर्वी यासाठी बरगड्यांमधून लांब चीर देत. आमच्या डॉक्टरांनी बारीक भोकांतून दुर्बीण आत घातली. मी आबांची लेक, त्याच रुग्णालयात परिचारिका, आमच्या घरातली पहिली पदवीधर. पडद्यावर साय सोलली जाताना, दबलेलं फुप्फुस हळूहळू फुगताना पाहिलं आणि टाळ्या वाजवाव्यात असं वाटलं!

पण काम अजून अर्धंच होतं. पोरीनं खोल श्वास घेतले नाहीत, तर फुप्फुस पुन्हा दबणार आणि मग मोठी चीर टळणार नव्हती.

इकडे आबा तिला हलूच देईनात. आमच्या गावी, कवठे येमाईला, शेती करण्याआधी त्यांनी मेंढरंच राखलेली. त्यांच्या लेखी टाके घातलेलं जनावर गप पडून राहिलं तरच जगतं.

"बोलू नगं बाय, टाकं उसवत्याल."

पोरही भ्यायलेली. श्वास आत ओढून चेंडू वर चढवायचं यंत्र तिला दिलं होतं, पण तो चेंडू तिच्याच्यानं हलेना.

"आबा, चीर एवढीशी आहे म्हणूनच तिला आज उठवायचंय," मी म्हटलं. "तिला छाती भरून श्वास घ्यायला हवा. मेंढरं घोडनदीच्या पल्याड गेली तर तुम्ही काय कुजबुजायचात?"

आबा माझ्याकडे बघत राहिले. मी कॉलेजला निघाले तेव्हा मला शिरूरच्या एसटीत बसवतानाही ते असंच बघत होते. मग त्यांनी छाती भरली.

"हुर्र्र्याऽऽऽ!"

अख्खा वॉर्ड दचकला. पोर खुदकन हसली.

"आबा, असल्या आवाजानं मेंढरं पळून जात्याल!"

"मग तू बोलीव की, शहाणे!"

तिनं उशी कुशीशी धरली, श्वास घेतला आणि बारीकशी हाळी दिली. दुसरी जरा मोठी. खोकला आला, डोळ्यांत पाणी आलं, तरी थांबेना. संध्याकाळी यंत्रातला चेंडू टणकन वर गेला तेव्हा आबाच आधी ओरडले, "आत्याला बोलवा!"

पुढच्या एक्स-रेत फुप्फुस छान उघडलेलं दिसलं. "आता पुन्हा शस्त्रक्रिया नको," डॉक्टर म्हणाले.

आबांनी तिथंच, वॉर्डाबाहेरच्या व्हरांड्यात, छाती भरून हाळी दिली. आवाज करू नका असं सांगणं माझं काम होतं. मी सांगितलं नाही.