केरबाचा लोखंडी गुंडा

गंगाधर मास्तरांनी खटका ओढला तो निव्वळ कौतुकापोटी. केरबाच्या लोखंडी माणसाला पाय बसलेत असं ऐकून ते शाळा सुटल्यावर बघायला आले होते. केरबा चहाचं सांगायला आत गेलेला. छातीवर फवारणी पंपाचं इंजिन बांधलेला तो गडी छपरात इतका गरीब होऊन उभा होता की मास्तरांना वाटलं, नुसतं एक पाऊल बघावं. इंजिन फुरफुरलं. गड्यानं उजवा गुडघा छातीपर्यंत उचलला, मान ताठ ठेवून परेडला निघाल्यासारखा तो अंगणात आला आणि मनुबाईनं वाळत घातलेल्या कुरडयांवर पालथा पडला. पडल्यावरही पाय चालूच राहिले, त्यामुळं राहिलेल्या कुरडयाही गेल्या.

मनुबाई, म्हणजे केरबाची बायको, हातात चिकाचा सोऱ्या घेऊन दारात आली.

"मास्तर, ह्यो पडला का तुमी पाडलासा?"

"वहिनी, तो चालला होता."

"व्हय. माज्या कुरडयांवरनं."

मनुबाईनं तिथंच निकाल दिला. जत्रेला हा गडी आपल्या पायानं देवापर्यंत गेला तर बरं, नाहीतर तो सांगलीला मोडीत जाणार आणि केरबा साखर कारखान्यात नोकरीला. मनुबाईच्या भावानं, लालासाहेबानं, तिकडं शब्द टाकूनच ठेवला होता. केरबानं मास्तरांकडं बघितलं. मास्तर चष्मा पुसत होते.

केरबा लष्करातल्या गाड्या दुरुस्त करून हवालदार म्हणून पेन्शनीत आलेला. कुंडलच्या अलीकडं त्याची वाडी. येताना त्यानं झुपकेदार मिशा, पान्यांची पिशवी आणि दिसेल ते रांगेत लावायची सवय आणली होती. कोंबड्यासुद्धा त्याच्या अंगणात एकामागं एक चालायच्या. पंचक्रोशीतली ऑइल इंजिनं त्याच्याकडं यायची. ती आटपली की तो लोखंडी माणसाला भिडायचा. त्याचं नाव त्यानं गुंडा ठेवलं होतं. हे खूळ कशाला, असं कुणी विचारलं की म्हणायचा, "टरक चार चाकांवर चालतोय, सायकल दोन चाकांवर. माणूस बिनचाकाचा कसा चालतोय, त्ये बघायचं हाय." कारखान्याचं नाव काढलं की मात्र तो कोमेजायचा. "तितं समदी यंत्रं आधीच चालत्यात रं. मी काय करू?"

गुंडाला त्यानं चालायचं शिकवलं ते त्याला स्वतःला शिकवलं होतं तसंच: गुडघा वर, टाच आपट. एका पायावर आला की गुंडा आडवा. जत्रा जवळ यायला लागली तसं केरबाचं जेवणातलं लक्ष उडालं आणि तो भलत्याच उद्योगाला लागला. वाडीतला नानासो रोज दिवेलागणीला देशीच्या दुकानातनं उतारावरनं घरी यायचा. केरबा त्याच्या मागं वाकून, त्याच्या गुडघ्यांकडं बघत चालू लागला. नानासो डावीकडं झुकला की हाही डावीकडं. वाडीला वाटलं, हवालदार बाटला.

"मास्तर, त्यो दर पावलाला पडतोय," केरबा शाळेच्या खिडकीतनं सांगू लागला, "पर पडायच्या आत दुसरा पाय आपसूक म्होरं येतोय. डोस्कं लागतच न्हाई. उतार पायजे फकस्त."

दुसऱ्या दिवशी त्यानं इंजिन उतरवून ठेवलं. गुडघे सैल केले, झोपाळ्याच्या कड्यांसारखे. तळवे पाळण्याच्या बुडासारखे गोल घासले. खाली ट्रकच्या टायरच्या जाड चपला बांधल्या, म्हणजे पाय घसरायचे नाहीत. बांधावर नेऊन मागनं बोट लावलं, आणि गुंडा बदकासारखा डुलत, इंजिनाशिवाय, पेट्रोलाशिवाय, खाली चालत गेला. केरबा पुढं उलटा चालत होता आणि हसत होता. मास्तरांनी आपली टोपी काढून पुन्हा घातली. दुसरं काय करावं ते त्यांना सुचेना.

देऊळ ओढ्याकाठी, आणि वेशीपासनं तिथवर फरसबंदी उतार. जत्रेच्या दिवशी मनुबाईनं गुंडाला फेटा बांधला, गळ्यात नारळाची पिशवी अडकवली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली. केरबा बोट लावणार, तेवढ्यात जोतिबा गुरव आडवा आला.

"चपला घालून देवाकडं? आमच्या गावात न्हाई चालत."

गर्दी म्हणाली, खरं हाय. एक म्हातारी म्हणाली, लोखंडाचा असला म्हणून काय झालं, रीत ती रीत. यात कुणालाच काही वावगं वाटलं नाही. गावात आयुष्य काढलेल्या मास्तरांना तर नाहीच. ते चटकन खाली बसले, गुंडाच्या दोन्ही चपला सोडल्या, काखेत धरल्या आणि म्हणाले, "हं, आता जाऊ दे."

केरबानं बोट लावलं. गुंडा चालला. चपलांचा अडसर गेल्यानं गुळगुळीत गोल तळवे फरशीवर भराभर घरंगळायला लागले. बदकाची चाल गेली, कोंबड्याची आली, मग तीही गेली. दगडावर ठणठण वाजत गुंडाचे पाय असे पडू लागले की मधेच दोन्ही हवेत.

"पळतोय," केरबा म्हणाला. मग ओरडला, "आरं, पळतोय गड्या."

जत्रा दुभंगली. भजीवाल्यानं कढईसकट रस्ता दिला. हलगीवाले आधी पळाले आणि पळता पळता वाजवत राहिले. मागं केरबा, त्याच्या मागं काखेत चपला धरलेले मास्तर, त्यांच्या मागं पदर खोचून मनुबाई. गुंडा देवळाच्या पायरीला थडकला, कमरेत वाकला आणि गळ्यातला नारळ पायरीवर आपटून फुटला.

लालासाहेब धापा टाकत आला. "आक्का, चालत जायाचं ठरलं हुतं. ह्यो तर पळत आला."

मनुबाईनं नारळाची एक कवड उचलली, वास घेतला, गुंडाचा सुटलेला फेटा नीट केला. "तुला येतंय का एवढं पळाया?" ती भावाला म्हणाली. "ऱ्हाऊ दे त्येला घरात. कुरडया म्या माळवदावर घालीन."

केरबा पायरीवर बसला आणि मिशांतनं हसतच राहिला. मास्तरही शेजारी टेकले. त्यांचा चष्मा कुठं पडला होता त्याचा पत्ता नव्हता.

"केरबा," ते म्हणाले, "चालायचं तुझं, पण हा पळायचा शोध आपल्या दोघांचा म्हणायला हरकत नाही, काय?"

"तुमी चपला काढल्या, मास्तर."